चुटपुट आणि रुखरुख

वाचकांचे प्रश्न : निर्णय आणि पश्चात्ताप

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे एकाच दुखण्याभोवती फिरत होती. घेतलेल्या, टाळलेल्या आणि अजून घ्यायच्या निर्णयांबद्दल वाटणाऱ्या पश्चात्तापाविषयी वाचकांनी मोकळेपणाने लिहिले आहे. त्यांतील चार पत्रे येथे थोडी संक्षिप्त करून दिली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न : मी राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालो आहे. आयुष्यातल्या दोन गोष्टी मनात आहेत. १९९२ च्या तेजीत एका नातेवाइकाच्या सांगण्यावरून कर्मचारी पतसंस्थेचे कर्ज काढून शेअर घेतले. पुढे घोटाळा बाहेर पडला आणि ते मातीमोल झाले. तेव्हा कित्येक रात्री मला झोप नव्हती. दुसरी गोष्ट २००१ ची. बँकेत स्वेच्छानिवृत्तीची योजना आली होती. शाखेतल्या माझ्या मित्राने अर्ज दिला. मी अर्ज भरला, सहीसुद्धा केली, पण तो टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवून मुदत उलटू दिली. मित्राने मिळालेल्या रकमेतून फाउंड्रींना सुटे भाग पुरवण्याचा व्यवसाय उभा केला आणि तो चांगला चालला. माझी नोकरी शेवटपर्यंत सुरळीत पार पडली. आज शेअरची गोष्ट सांगून मी नातवंडांना हसवतो, पण ड्रॉवरमधला तो अर्ज आठवला की पोटात कालवते. पैसे खरोखर गेले त्याचे काही वाटत नाही आणि जे हातात कधी आलेच नाही त्याची हळहळ वाटते, हे कसे? माझा निर्णय चुकला होता का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : आपल्या दोन्ही दुःखांना मराठीत वेगवेगळे शब्द आहेत आणि ते कोणत्या क्रियापदांबरोबर येतात हे पाहण्यासारखे आहे. चुटपुट ‘लागते’, रुखरुख मात्र ‘लागून राहते’. शेअरची ती चुटपुट होती. ती जोरात लागली आणि यथावकाश गेली. अर्जाची रुखरुख आहे आणि ती चोवीस-पंचवीस वर्षे मुक्कामाला आहे. बोलणाऱ्यांच्या जिभेवर हा फरक केव्हाचा रुळलेला असला, तरी मानसशास्त्राला तो प्रयोगांतून सापडायला विसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली.

१९८२ साली डॅनियल कानेमन आणि अ‍ॅमॉस ट्वेर्स्की यांनी लोकांपुढे एक साधी गोष्ट ठेवली. पॉलकडे एका कंपनीचे शेअर होते. ते विकून दुसऱ्या कंपनीचे घ्यावेत असे त्याच्या मनात आले होते, पण त्याने तसे केले नाही. जॉर्जकडे त्या दुसऱ्या कंपनीचेच शेअर होते आणि त्याने ते विकून पहिल्या कंपनीचे घेतले. दोघांनाही पुढे कळले की दुसऱ्या कंपनीचे शेअर हाती असते, तर १,२०० डॉलर जास्त मिळाले असते. आज दोघांकडे शेअर एकाच कंपनीचे आहेत आणि तोटाही सारखाच आहे. मग अधिक हळहळ कोणाला वाटेल? शेकडा ९२ जणांनी जॉर्जचे नाव घेतले, कारण त्याने आपल्या हाताने काहीतरी केले होते. पॉल केवळ जागच्या जागी बसून राहिला होता. याच कानेमन यांना पुढे २००२ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या निष्कर्षाप्रमाणे आपल्याला शेअरचे दुःख मोठे आणि अर्जाचे लहान वाटायला हवे होते. १९९२ साली शेअरचे दुःख तसे मोठे वाटतही होते, म्हणूनच झोप उडाली होती. पण कॉर्नेल विद्यापीठातील थॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक यांनी १९९४-९५ च्या सुमारास या चित्रात काळाचा हिशेब आणला. लोकांना गेल्या आठवड्याविषयी विचारले, तर केलेल्या आणि न केलेल्या गोष्टींची पारडी जवळजवळ बरोबरीची भरत. सगळ्या आयुष्याकडे वळून पाहायला सांगितले, की राहून गेलेल्या गोष्टींचे पारडे स्पष्टपणे खाली जाई. केलेल्या चुकीचे दुःख लवकर पेटते आणि लवकर विझते. न केलेल्या गोष्टीचे दुःख धुमसत राहते.

याचे एक कारण असे की केलेल्या चुकीवर माणूस काहीतरी इलाज करतो. आपण पतसंस्थेचे कर्ज फेडले असेल, त्या नातेवाइकाशी चार वर्षे बोलणे टाकले असेल, ‘निदान पुढे कधी कोणाच्या सांगण्यावरून पैसे गुंतवले नाहीत’ असे समाधानही करून घेतले असेल. आता तर त्या प्रसंगाची विनोदी गोष्ट झाली आहे आणि विनोदी गोष्ट होणे हा पश्चात्तापाचा फार चांगला शेवट म्हणावा लागेल. शिवाय त्या चुकीला हद्द आहे. अमुक इतके रुपये गेले, तेथे हिशेब संपला. न दिलेल्या अर्जाला अशी हद्दच नाही. त्या अर्जापाठीमागे कारखाना उभा राहिला असता, मोठे घर झाले असते, मुलांना आणखी काही देता आले असते, असे रोज नवे काही जोडत जाता येते आणि त्यातले काहीच खोटे ठरत नाही, कारण ते कधी घडलेलेच नाही. आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटले असते ही म्हण आपण दुसऱ्यांना सहज ऐकवतो. स्वतःच्या बाबतीत मात्र त्या मिशा दर वर्षी थोड्या वाढत जातात.

मला सर्वात महत्त्वाचे वाटते ते कारण आपल्या पत्रातच आहे. मूळ पत्रातला काही मजकूर येथे जागेअभावी गाळावा लागला. त्यात अर्ज, त्यावरची सही, ड्रॉवरची बिघडलेली किल्ली आणि मुदतीच्या शेवटच्या दिवशी साडेपाच वाजता शाखेचे शटर खाली येतानाचा आवाज यांचे वर्णन जवळजवळ पानभर आहे. त्याच पत्राच्या मागच्या बाजूला, कंसात, एवढीच ओळ आहे : ‘त्या वर्षी मुलगी दहावीला होती, घराचे हप्ते चालू होते आणि आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी न्यावे लागे.’ ज्या कारणांनी आपला हात थांबला, ती कारणे एका ओळीत मावली, आणि जे झाले नाही त्याला पान पुरले नाही. माणसाचे मन असेच लिहिते. काळ जातो तशी त्या वेळची भीती आणि त्या वेळची जबाबदारी आकाराने लहान होत जाते, आणि ‘एवढे सहज जमले असते’ हा विश्वास मोठा होत जातो. २००१ मधल्या आपल्या मनाला ज्या गोष्टी डोंगराएवढ्या दिसत होत्या, त्यांच्यावरून निर्णयाचा न्याय करायला हवा. आज त्या टेकडीएवढ्या दिसतात हा त्या वेळच्या माणसाचा दोष नव्हे. आपल्याकडे पश्चातबुद्धी हा शब्द थट्टेने वापरतात, पण न्यायाधीश म्हणून ती खरोखरच नालायक असते.

तुलनेचा आणखी एक घोटाळा सांगितला पाहिजे. २०००-०१ च्या त्या योजनेत सार्वजनिक क्षेत्रातील बँकांमधून सुमारे एक लाख कर्मचारी बाहेर पडले. आपण त्यांतल्या एकाशी, म्हणजे ज्याचा व्यवसाय चालला त्याच्याशी, स्वतःला ताडून पाहता. ज्यांची रक्कम मुलाच्या धंद्यात बुडाली, किंवा वर्षभर घरात बसून ज्यांचा जीव कासावीस झाला आणि मग कोठेतरी कमी पगारावर हिशेब लिहायला जावे लागले, ती माणसे लग्नकार्यात भेटली तरी त्याविषयी बोलत नाहीत. त्यामुळे आपल्या हिशेबाच्या वहीत त्यांची नोंदच होत नाही.

निर्णय चुकला होता का, याचे माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. त्या परिस्थितीत तो समंजस निर्णय होता. मात्र एक गोष्ट आपण केली असती तर बरे झाले असते. अर्ज ड्रॉवरमध्ये ठेवून मुदत उलटू देण्याऐवजी तो शांतपणे फाडून टाकायला हवा होता. मुदत उलटू देणे म्हणजे निर्णय न घेता निर्णय होऊ देणे, आणि रुखरुख नेमकी तेथे घर करते. ‘मी आईसाठी आणि मुलीसाठी नोकरी ठेवली’ हे वाक्य आपल्याला त्या वेळी स्वतःशी म्हणता आले असते. ते आजही म्हणता येईल, कारण ते खरे आहे.

प्रश्न : माझे बाळ दहा महिन्यांचे आहे. गोवर-रुबेलाची लस द्यायची राहिली आहे. शेजारच्या बाळाला लसीनंतर दोन दिवस ताप होता, तेव्हापासून सासूबाई नको म्हणतात. मलाही वाटते, आपण होऊन सुई टोचून घेतली आणि बाळाला काही झाले, तर मी जन्मभर स्वतःला माफ करू शकणार नाही. दिली नाही आणि गोवर आला, तर ते नशीब म्हणता येईल. (एक वाचक, भंडारा)

उत्तर : ताई, बाळाची तब्येत ठीक असेल तर हे उत्तर वाचून झाल्यावर पहिल्या लसीकरणाच्या दिवशी त्याला उपकेंद्रात घेऊन जा. लस तेथे विनामूल्य मिळते. ती नऊ महिने पूर्ण झाल्यावर द्यायची असते आणि दुसरा डोस सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान असतो. बाळाला काही आजार असेल किंवा आधीच्या एखाद्या लसीचा त्रास झाला असेल, तर तसे आरोग्यसेविकेला आणि डॉक्टरांना आधी सांगा. उरलेले उत्तर तुमच्या शेवटच्या दोन वाक्यांविषयी आहे.

बेंजामिन फ्रँकलिन या अमेरिकन मुद्रकाचा आणि मुत्सद्द्याचा चार वर्षांचा मुलगा १७३६ मध्ये देवीने गेला. तेव्हा आजच्यासारखी लस नव्हती. देवीच्या फोडातला पू निरोगी माणसाच्या कातडीखाली टोचत आणि त्यात खरोखरच जिवाला धोका असे. पण मूळ रोगाचा धोका त्याहून कितीतरी मोठा होता. बोस्टनमधल्या १७२१ च्या साथीत देवी आलेल्या सुमारे सात जणांमागे एक दगावला, तर टोचून घेतलेल्यांपैकी सुमारे चाळीस जणांमागे एक. त्या साथीत फ्रँकलिन बोस्टनमध्ये आपल्या थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवारी करत होते आणि त्या भावाचे वर्तमानपत्र टोचण्याच्या विरुद्ध मोहीम चालवत होते, हा एक कडवट योगायोग. पुढे फ्रँकलिन स्वतः टोचण्याचे पुरस्कर्ते झाले, तरी आपल्या मुलाचे टोचणे राहून गेले. आत्मचरित्रात त्यांनी लिहिले आहे की मुलाला टोचून घेतले नाही याचे दुःख त्यांना पुढेही कायम होते. टोचल्यामुळे मूल गेले तर स्वतःला कधी माफ करता येणार नाही, असे मानून जे आईबाप ही गोष्ट टाळतात, त्यांच्यासाठीच आपण हे सांगत आहोत, असेही ते म्हणतात. पश्चात्ताप दोन्हीकडे सारखाच होऊ शकतो, तेव्हा जो मार्ग अधिक सुरक्षित तोच निवडावा, असा त्यांचा निष्कर्ष आहे. ताई, तुमचे वाक्य जवळपास तीनशे वर्षांपूर्वीच्या आईबापांच्या तोंडी जसेच्या तसे होते.

१९९० मध्ये इलाना रिटोव्ह आणि जोनाथन बॅरन यांनी हीच गोष्ट काल्पनिक उदाहरणाने तपासली. एका रोगाने दहा हजार मुलांमागे दहा मुले मरतात. त्यावरच्या लसीनेही काही मुले मरू शकतात, पण दहापेक्षा कमी. हिशेबाने लस घेणेच फायद्याचे, तरीही पुष्कळ लोकांना लसीमुळे होणारे मृत्यू दहाच्या बरेच खाली आले तरी ती नको होती. आपल्या हाताने झालेला अपाय आणि आपण हात आखडल्यामुळे झालेला अपाय यांत पहिला आपल्याला अधिक पापाचा वाटतो. बाळाच्या दृष्टीने पाहिले, तर त्याला त्या दोहोंत काही फरक पडत नाही. आणि येथे तर दोन बाजूंची तुलनाच होऊ शकत नाही. लसीनंतरचा ताप बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो, तर गोवरामुळे न्यूमोनिया होतो, कधी मेंदूला सूज येते, कधी दृष्टी जाते. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीसारख्या वस्त्यांमध्ये गोवराची साथ आली आणि त्यात लहान मुले दगावली. लस न मिळालेल्या मुलांचे प्रमाण त्या साथीत मोठे होते. त्यांच्या आयांना ‘नशीब’ या शब्दाने किती आधार दिला असेल, याची कल्पना करून पाहा.

सासूबाईंना दोष देऊ नका. त्यांना बरोबर घेऊन जा आणि शंका त्यांनाच आरोग्यसेविकेला विचारू द्या.

प्रश्न : पश्चात्ताप ही निर्णयात लुडबुड करणारी भावनाच आहे, तर ती नसलेला माणूस अधिक चांगले निर्णय घेईल का? (एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : असा माणूस प्रत्यक्षात पाहिला गेला आहे आणि त्याचे निर्णय चांगले नव्हते. कपाळामागे, डोळ्यांच्या खोबणींच्या वरच्या बाजूला मेंदूचा एक भाग असतो. त्याला इजा झालेल्या रुग्णांवरचा एक अभ्यास २००४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. दोन चक्रांपैकी एक निवडायचे, ते फिरले की पैसे मिळायचे किंवा जायचे, असा खेळ होता. न निवडलेल्या चक्रावर काय आले असते तेही काही वेळा दाखवत. निरोगी माणसाने थोडे पैसे जिंकले, पण शेजारच्या चक्रावर मोठी रक्कम दिसली, की त्याचा चेहरा पडे आणि पुढच्या निवडीत तो ते ध्यानात धरी. रुग्णांना जिंकल्याचा आनंद आणि हरल्याचे वाईट वाटणे दोन्ही होते. शेजारच्या चक्राचे मात्र त्यांना काहीच वाटत नसे, आणि त्यातून ते काही शिकतही नसत. आपल्या संतांनी अनुतापाला माणूस बदलण्याची पहिली पायरी मानले, ते पारमार्थिक अर्थाने. पण व्यवहारातही ती पायरी काढून घेतली तर माणूस जागच्या जागीच राहतो. तेव्हा लुडबुड हा शब्द मागे घ्यावा अशी माझी विनंती आहे. तक्रार करायचीच असेल, तर होऊ घातलेल्या पश्चात्तापाचा आपण जो अंदाज बांधतो, त्या अंदाजाविषयी करता येईल. तो पुष्कळदा चुकतो. पुढच्या पत्रात तेच झाले आहे.

प्रश्न : २०१९ मध्ये आम्ही डोंबिवलीत एक टू बीएचके पाहिला होता. किंमत ४८ लाख होती. ‘थोडे थांबू’ म्हणून सोडून दिला. आज त्याच इमारतीत तसाच फ्लॅट ६६ लाखांना आहे. आम्हा दोघांचा पगार वाढल्यामुळे हप्ता झेपतो, भाड्याच्या घरात मुलांची अडचणही होते. पण साइटवर पाऊल ठेवले की ४८ चा आकडा डोळ्यांसमोर नाचतो आणि मी परत फिरते. आता घेतला तर मूर्ख ठरू आणि नाही घेतला तर तो ८० लाखांचा होईल, असे वाटते. काय करावे? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : या अवस्थेवर ओरित टिकोचिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये काम केले आहे. एखादी फार चांगली संधी हुकली, की त्यानंतर येणारी बऱ्यापैकी चांगली संधीसुद्धा माणूस सोडून देतो, असे त्यांना आढळले. ती संधी वाईट असते म्हणून तो तिला नाकारत नाही. ती स्वीकारली की आधी हुकलेल्या संधीची किंमत आकड्यांत मांडून डोळ्यांपुढे येते, म्हणून तो तिला नाकारतो. आज ६६ लाखांच्या करारावर सही केली, तर १८ लाखांची चूक आपल्याच अक्षरात लिहिल्यासारखे होईल. सही टाळली की ती चूक अस्पष्ट राहते. आपण साइटवरून परत फिरता, ते फ्लॅट टाळण्यासाठी नव्हे, ती वजाबाकी टाळण्यासाठी.

माझी सूचना अशी की एका संध्याकाळी दोघांनी बसून असे धरून चालावे की २०१९ मध्ये आपण डोंबिवलीत कधी आलोच नव्हतो. मग आजची किंमत, आजचा हप्ता, आजचे भाडे, आसपासच्या तशाच घरांचे भाव आणि मुलांच्या शाळेचे अंतर एवढेच कागदावर मांडावे. या मांडणीत घर घेण्यासारखे ठरले तर घ्यावे, नाही ठरले तर भाड्याच्याच मोठ्या घराचा विचार करावा. घ्यावेच असे मी म्हणत नाही. ४८ लाखांना मिळणारा फ्लॅट आज कोणी विकत नाही, तेव्हा त्याच्याशी तुलना करू नये, एवढेच म्हणतो.

‘मूर्ख ठरू’ या भीतीविषयी थोडेसे. होणारा पश्चात्ताप आपण आधी फुगवून मोजतो. डॅनियल गिल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भुयारी रेल्वेच्या स्थानकावर प्रवाशांना याविषयी विचारले होते. गाडी अगदी थोडक्यात चुकली तर किती हळहळ वाटेल, याचा लोकांनी बांधलेला अंदाज मोठा होता. ज्यांची गाडी खरोखर थोडक्यात चुकली होती, त्यांना तेवढी हळहळ वाटत नव्हती. मी स्वतः स्वारगेटला साताऱ्याची गाडी डोळ्यांदेखत सुटताना पाहिली आहे. पुढची गाडी लागेपर्यंत चहा झाला, वर्तमानपत्र झाले, आणि सातारा आला तेव्हा पहिली गाडी आठवतसुद्धा नव्हती. खुद्द हॅरी मार्कोविट्झ यांच्यावरही या अंदाजाने मात केली होती. गुंतवणुकीच्या विभागणीचे गणित मांडून १९९० चे नोबेल मिळवणाऱ्या या अर्थतज्ज्ञाने स्वतःच्या निवृत्तीच्या निधीसाठी ते गणित वापरलेच नाही. बाजार चढला आणि आपण बाहेर असलो तर, किंवा बाजार पडला आणि आपण पूर्ण आत असलो तर किती दुःख होईल, हे डोळ्यांपुढे आणून त्यांनी रक्कम सरळ निम्मी शेअरमध्ये आणि निम्मी रोख्यांमध्ये टाकली. ही युक्ती वाईट नाही. फक्त घराचे निम्मे-निम्मे करता येत नाही.

एक मात्र ध्यानात ठेवावे. घर घ्यायचे ठरले, तर परतीची वाट फार काळ उघडी ठेवू नये. गिल्बर्ट आणि जेन एबर्ट यांच्या २००२ मधल्या एका प्रयोगात हार्वर्डच्या विद्यार्थ्यांनी छायाचित्रणाच्या वर्गात स्वतः काढलेल्या दोन छायाचित्रांपैकी एक ठेवून घ्यायचे होते. काहींना निवड नंतर बदलता येणार होती, काहींना नाही. ज्यांना बदलता येणार नव्हती, त्यांनाच आपले छायाचित्र पुढे अधिक आवडले. विचित्र असे की आधी विचारल्यावर बहुतेकांना बदलण्याची सोय असलेलाच वर्ग हवा होता. बदलता येण्यासारखे असते तोवर मन तुलना करत राहते. दार लागले की ते आहे त्या खोलीत सामान लावू लागते.

म्हणून करारनाम्याची नोंदणी होईपर्यंत हवी तेवढी चौकशी करावी, सोसायटीची कागदपत्रे वकिलाला दाखवावीत, चार घरे आणखी पाहावीत. नोंदणी झाली की त्याच दिवशी मोबाइलमधली घरांच्या जाहिरातींची अ‍ॅप काढून टाकावीत. आणि २०१९ चे ते रंगीत माहितीपत्रक, ज्यावर आपल्या यजमानांनी पेन्सिलीने ४८ चे हप्ते मांडले होते आणि जे आपण लिहिल्याप्रमाणे अजून कपाटात साड्यांखाली आहे, ते रद्दीत द्यावे.